आमच्या गावातली सीमा

सँ-जँगोल्फ, २४ जुलै

ती. आप्पांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "गावाच्या मधून सीमा जाते म्हणजे नेमकी कुठून गं?" आवाज तुटत होता, म्हणून फ्रान्स-स्वित्झर्लंडच्या या सीमेबद्दल सविस्तर लिहितेय. तुम्ही भूगोलाचे मास्तर, नकाशा काढल्याशिवाय राहणार नाही, तेव्हा कागद-पेन्सिल घेऊनच बसा.

आधी चंद्रकोर काढा, टोकं खाली करून. हे लेमान सरोवर. पश्चिमेच्या टोकाला जिनिव्हा. पूर्वेच्या टोकाशी रोन नदी सरोवरात शिरते. तिथून दक्षिण काठाने जरा पश्चिमेला आलं की आमचं गाव. समोरच्या काठावर व्हेव्हे. पाठीशी ग्रामाँचा डोंगर, २१७२ मीटर, आणि सरोवराची पातळी ३७२! एवढी चढण घराच्या मागूनच सुरू होते, त्यामुळे सपाट जागा म्हणून नाहीच. घरं, रस्ता, रेल्वे सगळं काठाच्या अरुंद पट्टीत कोंबलेलं. पूर्वी इथून पुढे धड गाडीरस्ताही नव्हता. नेपोलियनने आल्प्समधल्या सिंप्लॉन घाटाकडे तोफा नेता याव्यात म्हणून पश्चिमेकडच्या मेयेरी गावाचे कडे सुरुंगाने फोडले, तेव्हा तो झाला. त्याआधी आणि नंतरही बराच काळ दगड, चुना, लाकूड शिडाच्या मोठ्या होड्यांतून जिनिव्हाला जायचं. त्या 'बार्क' होड्या याच गावात बांधत. आता इथल्या जुन्या गढीत त्यांचं संग्रहालय आहे.

आता या पट्टीच्या मधोमध डोंगरावरून सरोवरापर्यंत एक रेघ ओढा. ही मॉर्ज. नदी म्हणतात, पण आपल्याकडे ओढाच म्हणाल. पूर्वेला स्वित्झर्लंडचा वाले प्रांत, पश्चिमेला फ्रान्स. मी पूर्वेला राहते. पुलावर उभं राहिलं की खाली गोट्यांवरून पाणी खळाळताना दिसतं, आणि पूल संपायच्या आत देश बदलतो. पाव आणायला मी फ्रान्समध्ये जाते, पाकिटात फ्रँक आणि युरो दोन्ही ठेवते.

ही रेघ १५६९ सालची. १५३६ मध्ये वालेच्या लोकांनी सव्हॉयच्या ड्यूकचा हा मुलूख द्रान्स नदीपर्यंत घेतला होता. तोनाँच्या तहात त्यांनी मॉर्जपलीकडचा भाग परत केला, अलीकडचा ठेवला. तेव्हा इथे फ्रान्स नव्हताच! सव्हॉय फ्रान्सकडे गेलं १८६० मध्ये, आणि वाले स्वित्झर्लंडचा प्रांत झाला १८१५ मध्ये. म्हणजे दोन्ही देश मागाहून आले, रेघ आधीपासूनच होती.

पण आप्पा, मला सगळ्यात मोठं वाटतं ते वेगळंच. तहाने गाव वाटलं, गावकी वाटली नाही. वरची जंगलं आणि कुरणं आजही जुन्या घराण्यांच्या एकाच गावकीची आहेत, नदीच्या दोन्ही बाजूंना. चर्च एक, स्मशानभूमी एक, आणि दोन्ही फ्रान्सच्या हद्दीत. स्विस बाजूला कुणी वारलं की प्रेतयात्रा पूल ओलांडून, जकात नाक्यावरून जाते आणि माणूस फ्रान्सच्या मातीत पुरला जातो. शिनोळीच्या नाक्यावरून बेळगावला जाताना तुम्ही नेहमी म्हणता ना, "माणसं तीच, पाटी तेवढी बदलली", ते मला इथे रोज आठवतं.

काल २३ जुलै होती. १९४४ साली २२ तारखेला फ्रेंच क्रांतिकारकांनी फ्रेंच बाजूच्या जर्मन ठाण्यावर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी हिटलरच्या एसएस दलाचे सैनिक सूड घ्यायला आले. फ्रेंच बाजूची माणसं मिळेल ते उचलून पूल ओलांडून आली आणि स्विस बाजूच्यांनी त्यांना घरात घेतलं. मागे राहिलेल्या काहींना गोळ्या घातल्या, घरांना आगी लावल्या. मारलेल्यांत चर्चचे पाद्रीही होते. चर्च एकच, म्हणजे ते दोन्ही बाजूंचे पाद्री. हे वाचल्यापासून मी त्या पुलावरून घाईने जात नाही.

२०२० मध्ये करोनात मात्र सीमा खरोखरच बंद झाली, मार्चच्या मध्यापासून १५ जूनपर्यंत. एरवी माणसांना कुणी अडवत नाही, सामानाची तेवढी तपासणी होते.

रेल्वेचंही सांगते, तुम्हाला आवडेल. स्विस गाडी इथे येऊन थांबते, पुढे जात नाही. फ्रान्समधल्या एव्हियाँकडचे रूळ तसेच पडून आहेत, त्यावरून गाडी धावत नाही.

तुमच्या व्हिसाचे कागद पुढच्या आठवड्यात पाठवते. शेंगेनचा एकच व्हिसा दोन्ही बाजूंना चालतो. आईला सांगा, थंडीचे कपडे जास्त नकोत, सप्टेंबरात काठावर हवा चांगली असते. नकाशा काढलात तर फोटो पाठवा; आणि त्यात संग्रहालयाची गढी दाखवायला विसरू नका, ती स्विस बाजूला येते.

तुमची,
धाकटी