गाडीपुरती गाणी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

गाडी घेतल्याचं अभिनंदन. पण तुझ्या पत्रात गाडीबद्दल चार ओळी आणि गाण्यांबद्दल दोन पानं, त्यामुळे मीही थेट गाण्यांवरच येतो. ‘घरी सगळं वाजतं, गाडीत निम्म्या फाइली वाजत नाहीत, एक्स्टेन्शन तर सगळ्यांचं एकच’ असं लिहून त्याखाली तू दोनदा रेघ ओढलीयस. त्यात म्हणे प्रत्येक गाणं यादीत दोन-दोन वेळा, आणि त्यातलं एक मुकं. लेका, स्टिरिओवर राग काढू नकोस. त्याच्यात काही बिघडलेलं नाही.

तुझ्या फाइली आहेत एम४ए. ही नुसती पिशवी आहे, आत काय भरलंय ते बाहेरून कळत नाही. आधी तू सीडीवरून गाणी एएसीमध्ये, म्हणजे आवाजातलं थोडं गाळून लहान केलेल्या रूपात, उतरवायचास. मग मोठी हार्ड डिस्क आली आणि तू ॲपल लॉसलेसवर, म्हणजे काहीही न गाळणाऱ्या प्रकारावर, गेलास. दोन्हींची पिशवी तीच. तुझ्या स्टिरिओला एएसी समजतं, ॲपल लॉसलेस समजत नाही, एवढाच घोळ. म्युझिक ॲपमध्ये गाण्याची माहिती उघड, ‘काइंड’पुढे काय लिहिलंय ते बघ, आणि न वाजणाऱ्या गाण्यांशी ताडून पाहा. पैज लावतो, जुनी वाजत असतील आणि नवी मुकी असतील. मुकी जुळी भावंडं मात्र मॅकची करणी. फॅट पद्धतीच्या, म्हणजे गाड्यांना वाचता येते त्या जुन्या मांडणीच्या, पेनड्राइव्हवर कॉपी करताना मॅक काही फाइलींसोबत आपली खासगी टिपणं ठेवतो. टिंब आणि अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या, जेमतेम काही किलोबाइटच्या या फाइली तुला मॅकवर दिसत नाहीत, पण स्टिरिओ बिचारा त्यांनाही गाणं समजून वाजवायला जातो. टर्मिनलमधली ‘डॉट_क्लीन’ ही आज्ञा त्या झाडून काढते.

आता तू लगेच अख्खी लायब्ररी एमपी३ करायला बसशील, मला माहितीय. थांब. घरचा संग्रह जसा आहे तसाच राहू दे. त्यातली एकही फाइल बदलायची नाही, एकही टॅग, म्हणजे फाइलीतली गाण्याच्या-गायकाच्या नावाची नोंद, गाडीसाठी सुधारायचा नाही. गाडीसाठी वेगळा फोल्डर, वेगळी प्रत, आणि ती प्रत हरवली, तापली, कुणी पळवली तरी हळहळ वाटणार नाही अशी. हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. पहिल्यांदा हा उद्योग केला तेव्हा कन्व्हर्टरमध्ये ‘काम झाल्यावर मूळ फाइल काढून टाका’ असा एक चौकोन होता, आणि त्यात मी मोठ्या विश्वासाने टिकची खूण केली होती. तीसेक अल्बम गेले. सीडी खोक्यात होत्या म्हणून वाचलो. तीन रविवार बसून सगळ्या पुन्हा उतरवल्या. दोन सीडींवर ओरखडे होते, त्या काही केल्या वाचल्या गेल्या नाहीत. ते दोन अल्बम माझ्याकडे आता कायमचे एमपी३.

तर आधी एक चाचणीचा पेनड्राइव्ह बनव. एकच गाणं घे आणि ते एमपी३, एएसी, साधा म्हणजे सीडीसारखा १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झचा फ्लॅक (हाही काही न गाळणारा प्रकार), त्याहून बारकाईचा २४ बिट ९६चा फ्लॅक अशा सगळ्या रूपांत टाक. प्रत्येक फाइलीच्या नावातच ती काय आहे ते लिही. जोडीला एक देवनागरी नावाची आणि एक भलंमोठं मुखपृष्ठ आत चिकटवलेली फाइल. गाडीत दहा मिनिटं बसलास की माहितीपुस्तिकेत नसलेलंही कळेल. माझ्या स्टिरिओने साधा फ्लॅक गुमान वाजवला आणि २४ बिटला मान हलवली. मुखपृष्ठांचा घोळ वेगळाच: त्याला साधा ‘बेसलाइन’ जेपेग चालतो, आधी धूसर मग स्पष्ट होत जाणारा ‘प्रोग्रेसिव्ह’ चालत नाही. पाचशे बाय पाचशे पिक्सेल पुष्कळ झाले, गाडीच्या पडद्यावर त्याहून जास्त कुणाला दिसतंय?

पेनड्राइव्ह स्वतः फॅट३२ हवा. डिस्क युटिलिटीत ‘एमएस-डॉस (फॅट)’ निवड आणि स्कीम ‘मास्टर बूट रेकॉर्ड’ ठेव. ‘जीयूआयडी’ ठेवलीस तर बऱ्याच गाड्यांना पेनड्राइव्ह रिकामाच वाटतो. एक्सफॅटचंही तेच.

फ्लॅक वाजत असेल तर फ्लॅकच का नाही, असं तू म्हणणारच. वाजव की. पण हिशेब बघ. एमपी३चा ३२० बिटरेट, म्हणजे सेकंदाला ३२० किलोबिट, धरला तर तासाला १४४ एमबी. लेम या एमपी३ बनवणाऱ्या प्रोग्रॅमचं व्ही० सेटिंग सरासरी २४५च्या आसपास जातं, म्हणजे तासाला ११० एमबी. ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर व्ही०मध्ये पाचशेहून जास्त तास मावतात. फ्लॅक याच्या तिपटीच्या घरात जागा खातो. आणि फरक ऐकू येतो का? घरी, रात्री, हेडफोन लावून मी भांडेन. गाडीत नाही. मुलीला मागे बसवलं, तिने न सांगता कधी फ्लॅक तर कधी व्ही२, म्हणजे १९०च्या आसपासचं, लावायचं, आणि मी गाडी चालवताना ओळखायचं. दहापैकी पाच बरोबर. म्हणजे नाणं उडवलं असतं तरी हेच. त्या दिवसापासून गाडीपुरता मी नम्र झालो. एक मात्र लक्षात ठेव, जुनी एएसी आणि एमपी३ गाणी पुन्हा कन्व्हर्ट करू नकोस. एकदा गाळलेलं पुन्हा गाळलं की आणखी काहीतरी निसटतंच. ती आहेत तशी कॉपी कर, फक्त लॉसलेसमधून एमपी३ बनव. मॅकवर एक्सएलडी नावाचं छोटं ॲप हे काम मुकाट करतं.

एमपी३ची एक खोड मात्र तुला, निदान तुला तरी, आधीच सांगायला हवी. मैफलीची ती रेकॉर्डिंग आठवतेय ना, जिच्यावर आपण रात्ररात्र वाद घातलाय? सीडी बनवणाऱ्याने विलंबित आणि द्रुत वेगळे ट्रॅक केलेत, आणि खूण टाकलीय ती बरोबर मुखड्याच्या टोकाला. मुखडा तिसऱ्या ट्रॅकमध्ये, सम चौथ्यात. घरी काहीच कळत नाही. गाडीत पहिल्यांदा लावली, मुखडा आला, मी स्टिअरिंगवर बोट उचललं, आणि समेवर शांतता. अर्धा सेकंद असेल. मग तबला, पण गेली ना गाडी! एमपी३ आवाजाचे ठरावीक तुकडे पाडतो, एका तुकड्यात ११५२ नमुने, म्हणजे आवाजाची मोजमापं. गाण्याची लांबी तुकड्यांच्या पटीत बसली नाही की शेवटी पोकळी भरतो, आणि सुरुवातीलाही थोडी शांतता जोडतो. किती जोडली ते लेम फाइलीत नोंदवून ठेवतो, घरचा प्लेअर ते वाचून तेवढं कापतो, गाडीचा स्टिरिओ तिकडे बघतही नाही. त्यात पुढची फाइल उघडायला तो स्वतःचा वेळ घेतो तो वेगळाच, त्यामुळे फ्लॅकनेही पूर्ण सुटका नाही. उपाय अगदी गावठी आहे: मैफलीची अख्खी एकच फाइल करायची. आधी जोडायचं, मग कन्व्हर्ट करायचं, उलट नाही. मधल्या ट्रॅकवर उडी मारता येत नाही, पण तू कुठे मारतोस?

क्रमाचीही गंमत झाली. एकदा द्रुत आधी आणि विलंबित नंतर वाजलं, म्हणजे जेवून झाल्यावर पाट मांडल्यासारखं. काही स्टिरिओ नावाप्रमाणे लावत नाहीत, पेनड्राइव्हवर फाइली ज्या क्रमाने लिहिल्या गेल्या त्याच क्रमाने वाजवतात, आणि कॉम्प्युटर कॉपी करताना आपल्या सोयीने लिहितो. फॅटसॉर्ट नावाचं साधन पेनड्राइव्हवरची ती यादीच नीट लावून देतं. नावाप्रमाणे लावणारा स्टिरिओ असेल तर नुसतं ०१, ०२ असं दोन आकडी लिहिलंस तरी भागतं, नाहीतर १च्या मागोमाग १० येतो. नंतर भर घातलेले अल्बम यादीच्या शेवटी जातात, म्हणून मी दोन-तीन महिन्यांनी पेनड्राइव्ह पुसून सगळं नव्याने टाकतो. प्रत फेकण्यासारखी आहे, हा त्याचा फायदा.

आता टॅग. तू सगळी नावं देवनागरीत भरलीयस, वर्षभर बसून भरलीयस, आणि त्याबद्दल मला तुझा आदर आहे. पण गाडी त्याची माती करेल. बहुतेक ठिकाणी चौकोन येतील, ते परवडले. माझ्या जुन्या स्टिरिओत अक्षरं यायची, पण जोडायची कशी हे त्याला ठाऊक नव्हतं. ऱ्हस्व वेलांटी कॉम्प्युटरमध्ये अक्षराच्या नंतर साठवलेली असते, दाखवताना ती डावीकडे नेणं हे पडद्यामागच्या प्रोग्रॅमचं काम. तो नसला की वेलांटी जागची हलत नाही आणि शेजारच्या अक्षराची होऊन बसते. असं एके दिवशी ‘मिलन’चं ‘मलिन’ झालं. बायको म्हणाली, काय हे गाणं लावलंस! तेव्हा गाडीच्या प्रतीपुरते टॅग आणि फोल्डरची नावं रोमन लिपीत कर, आणि टॅगची आवृत्ती आयडी३ २.३ ठेव. २.४ नवी आहे खरी, पण जुने स्टिरिओ तिच्यापुढे गांगरतात. संकलनाच्या अल्बममध्ये प्रत्येक गाण्याचा गायक वेगळा असेल तर गायकाच्या यादीत एकेका गाण्याचे पंधरा जण उभे राहतात. मी गाडीच्या प्रतीत गायकाच्या जागी अल्बमचंच नाव टाकतो आणि खरा गायक गाण्याच्या नावापुढे लिहितो. घरच्या संग्रहात असं कुणी केलं असतं तर मी त्याच्याशी बोललो नसतो.

राहिला आवाज. जुनी रेकॉर्डिंग हळू, नवी अंगावर येणारी, त्यामुळे एक हात कायम व्हॉल्यूमच्या नॉबवर. घरचा प्लेअर रिप्लेगेनचे, म्हणजे आवाज किती कमी-जास्त करायचा त्याचे, फाइलीतले आकडे वाचून आवाज सारखा करतो, गाडी ते वाचत नाही, म्हणून आवाज फाइलीतच बदलावा लागतो. एमपी३गेन हे काम पुन्हा एन्कोड न करता, दीड-दीड डेसिबलच्या पायऱ्यांनी करतं. मैफलीला आणि सलग ऐकायच्या अल्बमला ‘अल्बम गेन’ (अख्ख्या अल्बमला एकच बदल), सरमिसळ वाजवायच्या गाण्यांना ‘ट्रॅक गेन’ (प्रत्येक गाण्याला वेगळा).

पण आलापाचं काय? तो तर एकाच फाइलीत कुजबुजीपासून तारसप्तकापर्यंत जातो. टायरच्या घरघरीत खर्ज बुडतो, तो ऐकू यावा म्हणून आवाज वाढवावा तर पुढे तान कानठळ्या बसवते. यावर उपाय म्हणजे डायनॅमिक रेंज दाबणं, हळू ते थोडं वर, मोठं ते थोडं खाली. दहा वर्षं मी याला पाप म्हणत आलो. तुझ्याशी तर याच्यावरून भांडलोय. गेल्या वर्षी एफएफएमपेग नावाच्या प्रोग्रॅमच्या कॉम्प्रेसर फिल्टरमधून हलक्या हाताने चारपाच मैफली काढल्या, गाडीच्या प्रतीसाठी फक्त, आणि पहिल्यांदाच रस्त्यावर मंद्रातला षड्ज नीट ऐकला. तू जिंकलास. हे पत्र जपून ठेव, पुन्हा लिहून देणार नाही.

आणि अख्खी लायब्ररी नेऊ नकोस. हजार अल्बम एका नॉबने चाळायचे म्हणजे नजर रस्त्यावर राहत नाही. माझ्याकडे सध्या ऐंशी आहेत. निवडायला बसलो तेव्हा तासाचं काम तीन रात्री चाललं, कारण प्रत्येक अल्बम थोडा ऐकल्याशिवाय हातावेगळा होईना.

चाचणीच्या पेनड्राइव्हवर काय वाजलं आणि काय नाही ते लगेच कळव. फ्लॅक वाजला तर आपल्या त्या मैफलीची जोडलेली फाइल मी बनवून ठेवलीय तीच देतो, तुला जोडत बसायला नको. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
मित्र