थुंकीत रक्त दिसले की पुन्हा टीबीच?

महोदय,

टीबीचा कोर्स पुरा करून बरा झालेला माणूस वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा खोकू लागतो. वजन उतरते, बेडक्यात रक्ताची रेघ दिसते. थुंकीत टीबीचे जंतू सापडत नाहीत, तरी एक्स-रेवरचा जुना डाग पाहून एकेटी (टीबीची औषधे) पुन्हा सुरू होते. अशा वेळी अ‍ॅस्परजिलस या बुरशीचा संशय घ्यायला हवा. तो क्वचितच घेतला जातो.

कुजका पालापाचोळा, शेणखत, भिजलेला कडबा, ओल धरलेली भिंत, सगळीकडे ती असते. तिचे दोन-तीन मायक्रॉनचे बीजाणू रोज शेकड्यांनी छातीत जातात आणि निरोगी फुप्फुस ते निपटते. टीबीने पाडलेल्या पोकळीत मात्र ही झाडलोट होत नाही. तिथे बुरशी ठाण मांडते, कधी तिचा गोळा होतो. सीटी स्कॅनमध्ये गोळ्याच्या वर हवेची चंद्रकोर दिसते. रुग्णाला पालथे झोपवले की सुटा गोळा जागा बदलतो.

तीन महिन्यांहून जुना त्रास आणि स्कॅनमध्ये पोकळी असेल, तर रक्ताची अ‍ॅस्परजिलस आयजीजी (बुरशीविरुद्धची प्रतिपिंडे मोजणारी) तपासणी करावी. पुष्कळदा आयजीई या दुसऱ्या प्रतिपिंडाची तपासणी मागवली जाते. ती मुख्यतः दमेकऱ्यांच्या अ‍ॅलर्जीच्या प्रकारासाठी. थुंकीत एकदा बुरशी उगवली एवढ्यावरही निदान करू नये, ती हवेतूनही पडते.

औषध बहुधा इट्राकोनॅझोल, २०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, निदान सहा महिने. साधी कॅप्सूल भरल्या पोटीच घ्यायची. सोबत आम्लपित्ताची गोळी असली की कॅप्सूल नीट शोषली जात नाही, आणि आपल्याकडे आम्लपित्ताची गोळी नसलेली चिठ्ठी शोधावी लागते! दोनेक आठवड्यांनी रक्तातली औषधाची पातळी, अधूनमधून यकृताची तपासणी हवी. पावले सुजली, धाप लागली तर लगेच डॉक्टरांना कळवावे. कपभर रक्त पडले तर मात्र थेट मोठे रुग्णालय गाठावे.

संशयावर पुन्हा एकेटी देण्यातली खरी मेख रिफॅम्पिसिन या टीबीच्या औषधात आहे. त्यामुळे यकृत इट्राकोनॅझोल इतक्या झपाट्याने मोडते की रक्तात ते जवळपास उरतच नाही. दोन्ही औषधे एकत्र चालली, तर रुग्ण गोळ्या गिळत राहतो आणि बुरशी वाढत राहते.

टीबी कार्यक्रमात उपचारानंतर दोन वर्षे दर सहा महिन्यांनी पाठपुरावा ठरलेला आहे. पोकळी राहिलेल्या आणि खोकला न थांबलेल्या रुग्णांसाठी त्यातच आयजीजीची सोय जिल्हा रुग्णालयांत करावी.