विडी बाबांची, दम आईचा

पुणे,
9 नोव्हेंबर 2025

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर सगळं सांगून झालंय, तरी लिहायला बसले. फोनवर आई "हो गं, हो गं" म्हणते आणि तिचं लक्ष कुकरच्या शिट्टीकडे असतं. बाबा स्पीकर लावून फोन खिशात ठेवतात, म्हणजे मी सांगितलेलं आईआधी गोठ्यातल्या म्हशीला कळतं. कागदाचं मात्र तसं नाही. कारखान्याच्या उसाच्या पावत्या पत्र्याच्या पेटीत वर्षानुवर्षं जपलेल्या मी पाहिल्यात. हे पत्र पेटीत घालू नका. स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवा.

आई, भाऊबीजेच्या सकाळी आपण मारुतीच्या देवळात गेलो होतो. घरापासून चारशे पावलंसुद्धा नसतील. तेवढ्यात तू तीनदा थांबलीस. एकदा चपलेचा अंगठा नीट केलास, एकदा कुणाच्या तरी दारातली रांगोळी बघितलीस, आणि एकदा गाभण म्हशीची चौकशी केलीस. मी सतरा वर्षं छातीच्या वॉर्डात ड्यूटी करते. धाप लपवायला माणसं काय काय करतात ते रोज बघते. तरी तुझं थांबणं मला यंदा दिसलं. गेल्या दोन दिवाळ्यांतही तू थांबली असणारच, तेव्हा मी मोबाइलवर फराळाचे फोटो काढत होते.

"काय न्हाई गं, वय झालं." हे तुझं उत्तर. वयाने गुडघे दुखतील, चष्म्याचा नंबर वाढेल. चारशे पावलांत तीनदा थांबायला लावतं ते वय नव्हे.

कोल्हापुरात त्या मशीनमध्ये फुंकर मारायला लावली तेव्हा तू चिडलीस, "अजून जोरात, अजून जोरात" म्हणून तो पोरगा ओरडत होता म्हणून. त्या फुंकरीत एवढंच बघायचं असतं की छातीत भरलेल्या हवेपैकी पहिल्या सेकंदात किती बाहेर पडते. साधारण शंभरातली सत्तर तरी पडायला हवी. तुझी औषध देऊनसुद्धा बावन्न पडली. नळ्या आक्रसल्यात, आतून सुजल्यात, हवा आत जाते आणि अडकून बसते. सीओपीडी म्हणतात ते हेच. दम्याचा भाऊबंद, पण दम्याच्या नळ्या बऱ्याचदा परत मोकळ्या होतात, ह्याच्या पुरत्या होत नाहीत. जे गेलं ते गेलं, आहे ते राखायचं.

बाबा, तेव्हा तुम्ही बाकावर बसून जे बोललात ते माझ्या डोक्यातून जात नाही. "विडी मी वडली चाळीस वर्सं, आन् दम हिला?"

हो, हिला. फुफ्फुसांच्या आजारांवर संशोधन करणारे पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि त्यांच्यासारखे लोक कित्येक वर्षं हेच सांगत आलेत, की आपल्याकडे विडी-सिगारेटला हातही न लावलेल्या बायकांना हा आजार होतो आणि त्यामागे चुलीचा धूर असतो. आईने आपल्या त्या बिनखिडकीच्या स्वयंपाकघरात, तोंडाला फुंकणी लावून, ओल्या काटक्या आणि शेणी पेटवत पस्तीस वर्षं काढली. हंगामात तुम्ही गुऱ्हाळात चुलवणात चिपाडं सारायचात, पण ते उघड्यावर, वरून वारा वाहणारा. तिचा धूर चार भिंतींतला. वर तिची मिसरी. मिसरी दातांना लावतात हे लोकांना दिसतं, ती तव्यावर भाजताना घर कसं कोंदतं ते मी लहानपणी खोकून खोकून अनुभवलंय.

2018 साली उज्ज्वलाचा गॅस आला आणि आपल्याला वाटलं, सुटलो. पण भाकरी अजून चुलीवरच, कारण गॅसवरच्या भाकरीला चव नाही. आणि बंब! न्हाणीघराच्या दाराशी तो तांब्याचा बंब रोज पहाटे पेटतो, त्यात दुधाच्या पिशव्यासुद्धा जातात. आईचा खोकला पहाटेच वाढतो असं तुम्ही म्हणालात ना, तो बंबाच्या वेळेला वाढतो. बंब उचलून परड्यात न्या. पेटवायचा तो तुम्ही, आणि प्लास्टिक अजिबात नाही. भाकरीचं मी आईशी भांडणार नाही. आठवड्यातून एकदा चुलीवरची हवी असेल तर चूल अंगणात मांडा आणि भाकऱ्या थोरल्या वहिनीला थापू द्या. विडी सोडली असं तुम्ही सांगता. तुमच्या सदऱ्याचं म्हणणं वेगळं आहे.

आता पंपाचं, म्हणजे तोंडाने ओढायच्या औषधाच्या इनहेलरचं. पंप लागला म्हणजे माणूस संपला, हे बोलणं शेजारच्या काकू आईसमोर करून गेल्या. म्हणून एक गोष्ट सांगते. अमेरिकेत जॉर्ज मेसन नावाचे गृहस्थ औषध कंपनी चालवायचे. त्यांच्या तेरा वर्षांच्या मुलीला, सुझीला, दमा होता. तेव्हा रबरी फुगा दाबून काचेच्या नळीतून औषध ओढायचं, ते ना धड मापात यायचं ना दप्तरात मावायचं. 1955 मध्ये तिने वडलांना विचारलं, केसांवर मारायचा फवारा डब्यात मिळतो, तसं माझं औषध का नाही मिळत? दुसऱ्या वर्षी, 1956 ला, पंप बाजारात होता. शाळेत जाणाऱ्या पोरीसाठी निघालेली वस्तू आहे ती, म्हाताऱ्यांना शेवटी द्यायची नव्हे.

सवय लागेल ही दुसरी भीती. आई, गावातल्या एका दवाखान्यात तू दोन वर्षं दम लागला की इंजेक्शन घेऊन येत होतीस आणि त्या पांढऱ्या बारक्या गोळ्या खात होतीस, त्याची तुला भीती वाटली नाही. त्या गोळीत साल्ब्युटामॉल 4 मिलिग्रॅम. तेच औषध पंपाच्या एका दाबात 100 मायक्रोग्रॅम, म्हणजे चाळिसावा हिस्सा. गोळी पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगभर हिंडते, म्हणून तुझे हात थरथरायचे आणि छाती धडधडायची. पंपाचं औषध थेट नळीत उतरतं. शेताला पाणी पाजायचं तर पाटाने अख्ख्या शिवारात सोडण्यापेक्षा ठिबक बरं, हे बाबा तुला जास्त नीट सांगतील.

पण ते उतरलं पाहिजे. आमच्याकडे एक आजोबा आले होते, तीन आठवडे औषध घेऊनही दम तसाच. विचारलं तर म्हणाले, दोन्ही वेळेला न चुकता घेतो. "दाखवा" म्हटलं, तर त्यांनी मशीनमध्ये घालून ओढायची कॅप्सूल तोंडात टाकली आणि वर पाणी प्यायले. हसू नका. देणाऱ्याने करून दाखवलं नव्हतं, त्यांनी कॅप्सूल म्हणजे गिळायची एवढंच जाणलं. तेव्हापासून मी कुणालाही "कळलं ना?" विचारत नाही, "करून दाखवा" म्हणते.

तर मामेभावाबरोबर जो प्लास्टिकचा लांबट डबा पाठवलाय तो स्पेसर. पंप जोरात हलवायचा, स्पेसरच्या मागे बसवायचा. आईने सगळा श्वास बाहेर सोडायचा, तोंडात नळी धरून ओठ घट्ट मिटायचे. बाबांनी पंप एकदाच दाबायचा. मग आईने सावकाश, उसाचा रस नळीने ओढतो तसा, खोल श्वास घ्यायचा आणि दहा आकडे होईपर्यंत रोखायचा. आकडे बाबांनी म्हणायचे, घाई न करता. दुसरा दाब लिहून दिला असेल तर मिनिटभर थांबून, पुन्हा हलवून. रोजचा पंप झाला की खळखळून चूळ भरून थुंकायचं. चूळ विसरली तर तोंडात पांढरे चट्टे येतात, आणि मग आई पंपालाच नावं ठेवेल. स्पेसर आठवड्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून तसाच निथळत ठेवायचा. फडक्याने पुसू नका, पुसला की आत औषध भिंतीला चिकटतं.

रोजचा पंप रोज घ्यायचा, बरं वाटलं तरी. निळा अडीनडीचा, दम लागला तरच. तुम्ही दोघं उलटं करताय असा मला दाट संशय आहे.

परवा बाबांनी घाबरून फोन केला, बोटाच्या मशीनवर एक्याण्णव आलं म्हणून. 2021 च्या त्या कोरोनाच्या उन्हाळ्यात सगळ्या गावाने पंच्याण्णवचा धसका घेतला, तो अजून उतरलेला नाही. आईच्या आजारात 88 ते 92 मध्ये असलं तरी डॉक्टर ऑक्सिजन लावायची घाई करत नाहीत. बोट थंड असेल, मेंदी असेल तर आकडा चुकतो. हात चोळून गरम करा, पाच मिनिटं बसू दे, मग लावा. आणि भाड्याने ऑक्सिजनचं मशीन आणायचं मनातून काढा. अशा छातीला गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला तर आतला कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि माणूस गुंगत जातो. ऑक्सिजन हेही औषधच, किती द्यायचा ते डॉक्टरने ठरवायचं.

बाबा, मशीनपेक्षा मला तुमच्या डोळ्यांवर भरवसा आहे. मी सहावीत असताना तांबू गाय आजारी पडली होती. तुम्ही गोठ्याच्या दारातूनच तिच्या कुशीकडे बघत उभे राहिलात आणि म्हणालात, "हिची कूस लई उडतीया." डॉक्टर संध्याकाळी आला आणि तेच म्हणाला. नर्सिंगच्या पहिल्या वर्षी श्वास मोजायला शिकवले तेव्हा मला तुम्हीच आठवलात. आईचे श्वास तसेच मोजा. ती टीव्ही बघत असेल, तांदूळ निवडत असेल, तेव्हा पुरतं एक मिनिट. छाती वर आली की एक. तिला कळू द्यायचं नाही, मोजतायत म्हटल्यावर कुणाचाही श्वास बदलतो. बारा ते वीस म्हणजे ठीक. तिचा नेहमीचा आकडा किती ते आठवडाभर कॅलेंडरवर लिहा. बसल्याजागी पंचविसाच्या वर गेला, बेडका पिवळा-हिरवा झाला किंवा वाढला, ताप आला, पाय सुजले, तर त्याच दिवशी डॉक्टर. एक वाक्य एका दमात बोलता येईना, ओठ-नखं निळी पडली, भलतंच बोलायला लागली किंवा उठवून उठेना, तर कुणाची वाट बघायची नाही, 108 लावायचा. गाडी फुकट येते. येईपर्यंत तिला आडवी करू नका. खुर्चीवर बसवून पुढे टेबलावर उशी, उशीवर हात आणि डोकं. निळा पंप स्पेसरने द्या.

आई, तुझ्यासाठी दोनच. धाप लागली की नाकाने श्वास घे आणि ओठांचा चंबू करून, कपातला चहा निववतेस तशी फुंकर लांबव. घेतलास त्याच्या दुप्पट वेळ सोडायला. अडकलेली हवा अशी बाहेर पडते. घागर उचलायची ती श्वास सोडता सोडता. आणि कफ काढायला खोकून खोकून बरगड्या दुखवू नकोस. बाबा चष्म्याच्या काचेवर "हाऽ" करतात ना, तसं तोंड उघडून दोन-तीनदा कर, मग एकदाच खोक.

पातेल्यावर घोंगडं घेऊन वाफ घेणं बंद. त्याने तुझ्या नळ्या उघडत नाहीत, आणि उकळतं पातेलं मांडीवर उलटलेल्या बाया मी वॉर्डात पाहिल्यात. हळदीचं दूध पी, हवं तितकं. पंपाच्या बदली नको. उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या, त्या फळीवरच्या डब्यातल्या, फेकून दे. साध्या सर्दीला त्या लागू पडत नाहीत.

देवळात जायचं सोडायचं नाही. रोज जा, थांब, पुन्हा चाल. चाललं नाही की पायांतलं बळ जातं आणि थोड्या कामालाही जास्त धाप लागते, मग माणूस अंथरूण धरतं. थांबायचं झालं तर सरळ थांब, रांगोळीचं निमित्त नको.

थंडी वाढायच्या आत फ्लूची लस दोघांनीही टोचून घ्या, ती दरवर्षी. न्यूमोनियाची कोणती आणि कधी ते डॉक्टर सांगतील. आणि बाबा, तुमचा तो खोकला दोन आठवड्यांच्या वर गेलाय. उपकेंद्रातल्या ताईंना सांगून बेडका तपासायला द्या. टीबी असेल असं मी म्हणत नाही, पण दोन आठवड्यांचा खोकला तपासल्याशिवाय मी कुणाला सोडत नाही, मग तुम्हाला का सोडू? तपासणी फुकट आहे.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चार दिवस रजा मिळाली आहे. आल्यावर तुम्हाला दोघांना पंप घेऊन दाखवायला लावणार.

तुमची,
सुमी

ता. क. हे पत्र बाबा मोठ्याने वाचून दाखवणार, म्हणजे श्वास मोजायचं गुपित आईला कळलंच. तेव्हा ती गाढ झोपली की मोजा. आकडा रात्रीच मेसेज करा, मी नाइट ड्यूटीला जागीच असते.