नवरंगाच्या मागं लंकेला

पैठण,
कोजागिरी पौर्णिमा

प्रिय सुनंदा,

सप्रेम नमस्कार.

फोनवर तू म्हणालीस, "एवढा पैसा घालून परदेशात पाखरं बघायला? आधी आपला देश तरी बघून होऊ दे." तेव्हा काउंटरवर पेन्शनवाल्यांची रांग होती, नीट बोलता आलं नाही. पण प्रश्न मनात राहिला, कारण तू उगीच काही विचारत नाहीस. म्हणून आज दूध आटवायला ठेवलं आणि लिहायला बसले.

जायचं ठरलंय श्रीलंकेला. मी आणि सोहम, दोघंच, जानेवारी संपता संपता. ह्यांचा कारखान्याचा हंगाम तेव्हा ऐन भरात असतो, रजेचं नावच नाही. शिवाय सासूबाईंजवळ कुणीतरी हवंच. सोहम आता नववीला आहे. पुढच्या वर्षी दहावी, मग लातूर नाहीतर संभाजीनगर, क्लास, होस्टेल. आपल्या परभणीच्या होस्टेलला आपण गेलो आणि घरी पाहुण्यासारख्या येऊ लागलो, ते तुला आठवत असेलच. तो जायच्या आत मला त्याच्याबरोबर एक मोठा प्रवास करायचा आहे. आणि या वयाची पोरं आईशी किती बोलतात ते तुझ्या ऋतुजामुळं तुलाही ठाऊक आहे. घरात त्याचे चार शब्द. पण नाथसागराच्या काठावर गेलो की मग बघ: थापट्या कुठला, तलवार बदक कुठलं, नदीसुरय पाण्यात सूर मारताना चोच कशी धरतो, थांबतच नाही. मी फक्त हं हं करायचं. मला तेवढं पुरतं.

आता लंकाच का, ते सांगते. हे सगळं सुरू झालं नवरंगापासून. मृगाच्या आगेमागे एका सकाळी मागच्या खोलीच्या काचेवर काहीतरी धाडकन आदळलं. सोहम धावला. ओट्यावर हिरव्या पाठीचा, निळ्या खांद्याचा, शेपटीखाली लालभडक असा एक पक्षी डोळे मिटून पडलेला. सासूबाई पाणी पाजायला निघाल्या तर यानं हात धरला, म्हणाला, "आज्जी, चोचीत पाणी घालायचं नाही, ठसका लागून मरतो." बुटाच्या खोक्याला भोकं पाडली, त्यात ठेवला आणि खोकं अंधारात नेऊन ठेवलं. तासाभरानं झाकण उघडलं तर गडी टकाटका बघत उभा. पेरूच्या झाडात गेला, तिथून कुठं गेला कळलं नाही. त्या रात्री सोहमनं विचारलं, "आई, हा पावसाळ्यात आपल्याकडं येतो, मग थंडीत राहतो कुठं?"

राहतो दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत. मध्य भारतात, हिमालयाच्या पायथ्याला पावसाळ्यात घरटं करायचं, पिल्लं मोठी करायची आणि थंडीला तिकडं उतरायचं. एवढंसं पाखरू, बाई! जमिनीवर पाला उलथत किडे वेचणारं, उडताना फारसं दिसतसुद्धा नाही, आणि ते रात्री-रात्री उडून समुद्र ओलांडतं. तेव्हापासून सोहमच्या वहीत लंकेचा नकाशा आहे.

तू म्हणशील, मग केरळात जा. तेही बरोबरच आहे. थट्टेकाडला नवरंग थंडीत दिसतो आणि खर्चही निम्म्याहून कमी. तिथं आम्ही कधीतरी जाऊच. पण लंकेत तीसहून जास्त जातींचे पक्षी असे आहेत की ते जगात दुसरीकडं कुठंच नाहीत, आणि आपला नवरंग त्यांच्यात थंडीभर राहून येतो. आपल्या ओट्यावर पडलेला जीव वर्षातले निम्मे महिने कुणाच्या शेजारात काढतो ते त्या लेकराला बघायचंय. त्याच्या जोडीला पासपोर्ट, दुसऱ्या देशाचा शिक्का, आपली भाषा येत नाही अशा माणसाशी बोलून स्वतःचं काम करून घेणं हेही त्यानं माझ्या देखत एकदा करावं असं मला वाटतं.

आधी केनियाचाही विचार झाला. तिथं पक्षी अफाट. पण पीतज्वराची लस, मोठं भाडं आणि दिवसचे दिवस गाडीत बसून राहणं. चौदा वर्षांच्या पोराला पायी हिंडू द्यायला हवं, ते तिथं फारसं जमत नाही. भूतानवर माझा जीव आहे, फोबजिखाच्या खोऱ्यात थंडीला काळ्या मानेचे क्रौंच उतरतात म्हणून. तिथं आपल्यालाही माणशी रोज १,२०० रुपये शुल्क आहे आणि जाण्या-येण्यातच बरेच दिवस जातात. ते पुढं कधीतरी, ह्यांना घेऊन.

तर लंका. तिथं आमचा सगळ्यात मोठा मुक्काम सिंहराजाच्या जंगलात. १९८८ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. आपल्याकडं वर्षाला ७००-८०० मिलिमीटर पाऊस पडला तरी आपण सुखावतो. तिथं २,५०० च्या वरच. पण सुनंदा, मला त्या जंगलात सगळ्यात जास्त काय बघायचं आहे सांगू? तिथं पक्षी मेळ्यानं फिरतात. दहा-बारा जातींचे चाळीसेक पक्षी एकत्र, कुणी जमिनीलगत, कुणी मधल्या फांद्यांत, कुणी शेंड्यावर, सगळे एकाच दिशेनं सरकत जातात. अर्धा तास जंगल सुनसान आणि मग एकाएकी सगळीकडं हालचाल. आणि या मेळ्याला धरून ठेवणारे दोघं कोण? नारिंगी चोचीचे सातभाई आणि तुरेवाला कोतवाल! सातभाई सतत कलकलत पुढं चालतात, त्या आवाजावर बाकीचे गोळा होतात. कोतवाल पहारा देतो, ससाणा-शिक्रा दिसला की ओरडतो आणि सगळे चिडीचूप. मधूनमधून तो दुसऱ्या पक्ष्यांच्या नकलाही करतो.

हे वाचून सोहम उठून उभाच राहिला. कारण बांधावरचे सातभाई आणि तारेवरचा कोतवाल त्यानं बालवाडीपासून बघितलेत. कोतवाल ओरडला की वर बघायचं हे त्याला कुणी शिकवलं नाही, आपल्या तुरीच्या रानात ते तो आपोआप शिकला. म्हणजे पैठणचं शिक्षण सिंहराजात कामाला येणार. तुझ्या प्रश्नाचं माझं खरं उत्तर हेच आहे. ज्यानं आपलं रान बघितलेलं नाही त्याला परदेशी नेऊन मी पैसे घातले नसते. यानं बघितलंय.

तिथल्या घुबडाची गोष्ट तर तू ऋतुजाला सांगच. १९९५ साली दीपाल वरकागोडा या अभ्यासकांनी कितुलगलाच्या जंगलात रात्री एक आवाज ऐकला, कुठल्याच ओळखीच्या पक्ष्याशी न जुळणारा. माणूस त्या आवाजाच्या मागं राहिला. २००१ च्या जानेवारीत सिंहराजात तो पक्षी डोळ्यांना दिसला, लालसर तपकिरी, कान-शिंगं नसलेलं चिमुकलं घुबड. २००४ मध्ये नवी जात म्हणून जगापुढं आलं, आणि त्याला नाव दिलं ते थिलो हॉफमन यांचं, ज्यांनी प्लायवूडसाठी सिंहराजा तोडलं जाऊ नये म्हणून जिवाचं रान केलं होतं. आम्हाला ते दिसलं तर उत्तम. पण मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही, हे मी सोहमला आणि तिथल्या वाटाड्यालाही आधीच सांगणार आहे. आपल्या फोटोसाठी रात्रभर एखाद्या जिवाला "तुझ्या हद्दीत दुसरा आला" म्हणून घोर लावायचा, हे मला पटत नाही.

सिंहराजानंतर डोंगरावर, नुवारा एलियाला. १,८६८ मीटर उंची, थंडी चांगलीच. गावातल्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये थंडीत नवरंग उतरतो, आणि काश्मिरी माशीमारही. तो काश्मीरकडच्या जंगलात घरटं करतो आणि थंडीला सारा देश ओलांडून इथं येतो. म्हणजे बघ, एका बागेत आपला ओट्यावरचा पाहुणा आणि काश्मीरचा रहिवासी एकाच ओढ्याकाठी. पहाटे तिथून हॉर्टन प्लेन्सच्या पठारावर, लंकेच्या शीळकरी पक्ष्यासाठी. तो उजाडायच्या सुमाराला क्षणभर दिसतो म्हणे, म्हणून चारला उठायचं. शेवटी खाली गॉलला.

गॉल पक्ष्यांसाठी नाही. समुद्राकाठच्या डच किल्ल्याला लागून तिथलं क्रिकेटचं मैदान आहे, ते त्याला बघायचंय. मी लगेच हो म्हटलं. पक्षी बघणं त्याला गृहपाठ वाटायला नको.

कार्यक्रम त्यानंच आखलाय, मी फक्त मुक्काम कमी केले. पहिल्या यादीत रोज नवं गाव होतं. मी म्हटलं, एकाच पायवाटेवर तीन सकाळी गेलो तर तिसऱ्या सकाळी जंगल ओळख देतं. थोडा रुसला, मग त्यानंच दोन ठिकाणं खोडली. मला मन्नारला जायचं होतं, तिथल्या खाजणात रोहित पक्षी उतरतात म्हणून. तर म्हणाला, "आई, रोहित आपल्या जायकवाडीला येतात की. त्यासाठी लंकेचे दोन दिवस कशाला?" बरोबर होतं त्याचं. मन्नार गेलं. सकाळ त्याची, तो नेईल तिकडं मी जायचं. दुपारनंतर माझी, पाण्याकाठी नुसतं बसायचं, त्यानं वहीत मोजणी केली तरी चालेल.

बाकी तयारी म्हणशील तर, माझी पोस्टातली आरडी डिसेंबरात संपते, त्यातच सगळं बसवायचं. खात्याची परवानगी मागितली आहे. सोहमचा पासपोर्ट आला. एकटी आई घेऊन चालली म्हणून ह्यांचं संमतीपत्र नोटरी करून बरोबर ठेवणार. लंकेचा प्रवेश-परवाना (ईटीए) ऑनलाइन निघतो, पण त्याचे नियम बदलत राहतात, म्हणून तिकिटाच्या वेळीच बघू. चेन्नईपर्यंत रेल्वे, तिथून कोलंबो विमानानं तासा-सव्वातासाचं. घड्याळसुद्धा बदलावं लागत नाही. मलेरिया २०१६ पासून तिथं नाही, डेंग्यू मात्र आहे, तेव्हा लांब बाह्या आणि मलम. दुर्बिणी दोन घ्यायच्या, ८ बाय ४२ च्या. एकीत दोघांनी बघायचं म्हटलं की माझी पाळी येईस्तोवर पक्षी उडालेला असतो. सिंहराजात वाटाड्या घ्यावाच लागतो, तिथं हात आखडायचा नाही असं मी ठरवलंय. त्या माणसाचे कान म्हणजे अर्धी सहल. खायला धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी सोबत, पहाटेच्या वाटेवर तेच टिकतं.

तुझ्याकडं या वर्षी सोयाबीनची काय गत झाली ते मला माहीत आहे, आणि अशा वेळी हे सगळं लिहिताना हात अडखळतो. पण तू विचारलंस म्हणून लिहिलं. आणि ऋतुजाला पक्षी सप्ताहात इकडं पाठव. ५ ते १२ नोव्हेंबर, डॉ. सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. सोहम नाथसागरावर शाळेच्या लेकरांना घेऊन जाणार आहे. १९७६ मध्ये धरण झालं, १९८६ मध्ये अभयारण्य. आपण सहलीला यायचो तेव्हा नुसत्या भिंतीवर उभं राहून पाणी बघायचो. आता सोनेवाडीच्या बाजूला चिखलात उतरून बघायचं. तिला आवडेल, आणि दोघंही एकमेकांशी तरी बोलतील.

आता तुझ्याकडं एक काम. सिंहराजात जळवा भयंकर. पँटवरून गुडघ्यापर्यंत चढवायचे, वर नाडीनं आवळायचे असे घट्ट विणीच्या सुती कापडाचे मोजे लागतात, शिवण आतून दुमडलेली, म्हणजे जळवेला कुठंच फट सापडायला नको. विकत मिळतात, पण सोहमचा पाय आत्ताच नऊ नंबरचा आहे आणि जानेवारीपर्यंत आणखी वाढेल. तुझ्या मशीनवर दोन जोड होतील का? फिकट रंगाचं कापड बघ, जळू चढली तर लगेच दिसते. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, आम्ही औशाला येतोच आहोत, आंबील आणि भज्जी तुझ्याच शेतात. मापं तेव्हा घे, तोवर कापड धुऊन आटवून ठेव. नाडी मी इथून आणते.

आईंना नमस्कार, ऋतुजाला आशीर्वाद.

तुझी,
मंगल