ती. आई-बाबांस, हिंडनहून

हिंडन, गाझियाबाद
८ सप्टेंबर २०१३

ती. आई आणि बाबांस,
सा. न. वि. वि.

उद्या गणपती. यंदाही रजा मिळाली नाही. आई, मोदकांचं खोबरं एकटी खवत बसू नकोस, खांदा पुन्हा धरेल. वहिनीला हाताशी घे.

पत्राचं कारण वेगळं आहे. बाबा, परवा फोनवर तुम्ही सांगितलंत की पारावर कुणीतरी विचारलं, "पोरगी हवाई दलात खरी, पण काम माल चढवण्या-उतरवण्याचंच ना?" तुम्ही गप्प राहिलात म्हणालात. फोनवर मलाही धड सांगता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

टीव्हीवर तुम्ही पाहिलंत ते मालवाहू विमान म्हणजे सी-१७ ग्लोबमास्टर. २ सप्टेंबरला संरक्षणमंत्री अँटनी इथे आले आणि ते रीतसर हवाई दलात दाखल झालं. पहिलं विमान मात्र १८ जूनलाच हिंडनला उतरलं होतं. ५३ मीटर लांबी, पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ ५२ मीटर, चार इंजिनं. हातातलं काम टाकून आम्ही सगळे बघायला बाहेर आलो होतो. एवढं धूड, पण साडेतीन हजार फुटांची धावपट्टी त्याला पुरते, आणि वळायला जागा नसली तर इंजिनांचा झोत उलटवून ते आपलं आपण मागे सरकतं.

नेमके ते केदारनाथच्या पुराचे दिवस होते. हे नवं विमान तिकडे गेलं नाही, ते काम त्याचं नव्हतंच. हेलिकॉप्टरं दरीत उतरून माणसं उचलत होती, ते तुम्ही रोज बातम्यांत बघत होतात. पण त्या हेलिकॉप्टरांना इंधन कुठून येत होतं? रस्ते तर वाहून गेले होते. मग आमच्या इथलं ‘सी-१३०’ हे मालवाहू विमान इंधन घेऊन धरासूच्या एवढ्याशा धावपट्टीवर उतरलं. ते पोचलं नसतं तर हेलिकॉप्टरं जमिनीवरच बसून राहिली असती. २५ जूनला गौरीकुंडजवळ एक मि-१७ हेलिकॉप्टर कोसळलं, २० जण गेले. तरी उड्डाणं चालूच राहिली. त्या दिवसांत डब्यांच्या आणि पिंपांच्या याद्या तपासताना एकदाही मला माझं काम हलकं वाटलं नाही.

बाबा, तुम्ही कारखान्याला ऊस घालायचात तेव्हा मोळ्या रचून झाल्या तरी दोन-चार पुढेमागे केल्याशिवाय तुमचं समाधान व्हायचं नाही. मागे भार झाला की गाडी उलार व्हायची, पुढे झाला की बैलांच्या मानेवर यायचा. विमानाचंही तेच आहे, फक्त चूक झाली तर थांबून पुन्हा रचायला रस्त्याची कड नसते. म्हणून प्रत्येक डागाचं वजन आधी घ्यायचं, तो नेमका कुठे बसणार हे कागदावर ठरवायचं, आणि मगच चढवायचा. विमानाच्या पोटात जमिनीवर फिरते रूळ असतात. पालथे केले की जमीन सपाट होते आणि त्यावरून ट्रक, रणगाडा सरळ आत येतो. सुलटे केले की टनावारी वजनाचं पॅलेट, म्हणजे माल रचलेली सपाट पाटी, चार माणसं हातांनी ढकलत नेतात. मग साखळ्या आणि जाळ्या. एकेक साखळी ओढून बघायची, आणि दुसऱ्याने ती पुन्हा ओढून बघायची.

आत हे सगळं सांभाळतो लोडमास्टर. दोन वैमानिक आणि एक लोडमास्टर, एवढ्या तिघांवर हे विमान उडतं. मी त्यांच्यातली नाही, माझं काम दार बंद होईपर्यंतचं. पण तेवढं चोख झालं तरच त्या तिघांना निर्धास्त उडता येतं.

आपल्याकडे मोठं विमान नव्हतं असं नाही. १९८५ पासून इल्यूशिन-७६ आहे, त्याला आपण गजराज म्हणतो. १९८८ मध्ये मालदीवला आपले पॅराट्रूपर आग्र्याहून त्यानेच रातोरात नेले होते. गजराजबद्दल इथल्या जुन्या लोकांना फार माया आहे आणि ती रास्तच आहे. पण त्यात चाळीसेक टन माल जातो, ह्या सी-१७ मध्ये जवळपास ७० टन. लेहचे रस्ते बर्फाने महिनोन् महिने बंद असतात. त्या काळात वरच्या चौक्यांवर रॉकेल, कणीक, औषधं, मोजे कमी पडले तर हाल जवानाचे होतात. आपल्या वाडीतलाही एक पोरगा तिकडेच आहे. त्याच्या आईला सांगा, गेल्याच महिन्यात २० ऑगस्टला सी-१३० लडाखमधल्या दौलत बेग ओल्डीला, १६,६१४ फुटांवर उतरलं. तिला बरं वाटेल.

किंमत तुम्ही विचारणारच. दहा विमानांचा करार २०११ मध्ये झाला, चार अब्ज डॉलरहून जास्तीचा. आकडा ऐकून मीही दचकले होते. इतक्या पैशांत किती शाळा, किती दवाखाने झाले असते, हा तुमचा प्रश्न खोटा नाही. तरीही उत्तराखंड बघितल्यावर मला वाटतं, हा खर्च वाया जाणार नाही. भूकंप, पूर, परदेशात अडकलेली आपली माणसं, अशा वेळी मोठ्या पोटाचं विमान दारात उभं असावं लागतं. ऐनवेळी ते विकत मिळत नाही. आतापर्यंत तीन आली आहेत, बाकीची यायची आहेत.

आता माझं एक ऐका. ८ ऑक्टोबरला वायुसेना दिवस, संचलन इथेच हिंडनला असतं. यंदा हे विमानही उडेल अशी आम्हा सगळ्यांची आशा आहे. तेव्हा कारखाना सुरू झालेला नसेल, म्हणजे शेतीची सबब चालणार नाही. गोवा एक्सप्रेस मिरजेहून थेट निजामुद्दीनला येते, मी स्टेशनवर न्यायला येईन. पासासाठी तुमच्या दोघांच्या ओळखपत्रांच्या झेरॉक्स लागतील, दादाला या आठवड्यातच पाठवायला सांगा. आईच्या गुडघ्यांमुळे खालचे बर्थ बघायचे आहेत, तेव्हा तिकिटं मीच काढते. फक्त तारीख कळवा.

तुमची,
ताई