कुजणारी जाळी फक्त समुद्रालाच का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टुना या समुद्री माशाच्या मासेमारीत आपोआप कुजून जाणारे साहित्य वापरण्यावरचा आपला कालचा लेख वाचला. माहिती चांगली होती, पण ‘हा प्रश्न मुख्यतः खोल समुद्राचा’ असे म्हणून लेखकांनी विषय मिटवला, ते वाचून राहवले नाही.

माझ्या बहिणीचे गाव करमाळा तालुक्यात, उजनी धरणाच्या काठावर. उन्हाळ्यात धरण उणे पातळीत गेले, म्हणजे वापराचा साठा संपला, की पाणी मागे हटते आणि मोकळ्या गाळावर गुरे चरायला जातात. टाकून दिलेली तंगुसाची (नायलॉनच्या दोऱ्याची) जाळी तिथेच पडलेली असतात. दाजींच्या कालवडीच्या मागच्या पायाला असाच एक तुकडा गुंतला. ती ओढत गेली, तो आवळत गेला. खुराच्या वर सूज आली, दोरा दिसेना, कारण त्यावर मांस चढले होते. डॉक्टरांनी चिरून काढला तेव्हा तो अगदी नव्यासारखा चकचकीत निघाला. कालवड मात्र कायमची अधू झाली. दाजी तक्रार द्यायला गेले तर ‘जाळे कुणाचे ते आधी सांगा’ असे उत्तर मिळाले. गाळात पडलेल्या जाळ्यावर कुणाचे नाव असते का?

समुद्रात तरी वेगळे काय घडत होते? टुना सावलीला गोळा व्हावेत म्हणून समुद्रात सोडलेल्या तराफ्यांखाली जुनी जाळी लोंबत ठेवायची आणि त्यांत कासवे, मुशी (शार्क) अडकून मरायच्या. एकट्या हिंदी महासागरात अशा वर्षाला किमान 4 लाख 80 हजार रेशमी मुशी मरत असाव्यात, असा अंदाज 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर तिथल्या टुना मासेमारीचे नियम ठरवणाऱ्या देशोदेशींच्या हिंदी महासागर टुना आयोगाने 2019 च्या ठरावात तराफ्यांना जाळी लावायलाच मनाई केली आणि बांबू, सुती दोर अशा कुजणाऱ्या वस्तूंचा आग्रह धरला. तिथे आयोग आहे म्हणून निदान ठराव तरी होतो. उजनीच्या जाळ्यांचा ठराव कोण करणार?

सुती दोर लवकर कुजतो, तराफा मात्र महिनोन्‌महिने टिकावा लागतो, ही अडचण मला मान्य आहे. पण आपल्याकडचे भोई पूर्वी सुती जाळीच वापरायचे आणि ती टिकावी म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून काढायचे. चादरी-टॉवेलांसाठी रात्रंदिवस सूत हाताळणाऱ्या सोलापुरात यावर प्रयोग का होऊ नये? मच्छीमाराने पदरमोड करून महागडे जाळे घ्यावे, असे मी म्हणत नाही. तो खर्च सरकारने उचलावा. तोवर निदान मासे उतरवण्याच्या ठिकाणी फाटकी जाळी पैसे देऊन परत घ्यावीत.

आणि उजनीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. धरण भरल्याचा फोटो आपण दरवर्षी पहिल्या पानावर छापता. त्याच धरणाच्या पाण्यासाठी सोलापूरकरांनी वर्षानुवर्षे चार-चार, पाच-पाच दिवस नळाकडे डोळे लावले, त्याचीही बातमी त्या फोटोशेजारी यायला हवी होती.

उन्हाळ्यात पाणी ओसरले की आपला वार्ताहर आणि छायाचित्रकार करमाळ्याच्या बाजूला जरूर पाठवा. गाळात फिरायला दाजी सोबत येतील.

कळावे,
एक वाचक, साखर पेठ, सोलापूर