किडनीची स्वतःची फौज

संपादक साहेब,

किडनी म्हटलं की आपल्याकडे मुतखडा, डायलिसिस आणि भरपूर पाणी प्या एवढंच छापून येतं, पण किडनी स्वतः इन्फेक्शनशी कशी लढते ते कुणी सांगतच नाही. लघवीच्या इन्फेक्शनमागे बहुतेक वेळा ई. कोलाय हा जंतू असतो आणि त्याला वाढायला लोह लागतंच, पण शरीरात मोकळं लोह जवळपास नसतं, मग तो एन्टेरोबॅक्टिन नावाचा रेणू बाहेर सोडतो, तो लोह घट्ट धरतो आणि जंतू त्याला लोहासकट परत आत ओढून घेतो.

किडनी नेमकी इथे आडवी येते! तिच्या कलेक्टिंग डक्टमधल्या (लघवी गोळा करणाऱ्या बारीक नळ्यांमधल्या) काही पेशी एनगॅल (लिपोकॅलिन-२) हे प्रोटीन लघवीत सोडतात आणि ते लोह धरलेलं एन्टेरोबॅक्टिनच पकडून ठेवतं, जंतू उपाशी. २०१४ मध्ये उंदरांवर हे दाखवलं गेलं. काही ई. कोलाय मात्र त्याच रेणूला साखर जोडतात, मग एनगॅलला तो पकडता येत नाही, म्हणजे जंतूही काही कमी नाहीत.

आणि हो, किडनीला मार बसला की हेच एनगॅल काही तासांत वाढतं, तर किडनीसाठी नेहमी रक्तात तपासतात ते क्रिएटिनिन वाढायला एक-दोन दिवस लागतात. मग एनगॅलची टेस्ट सरकारी हॉस्पिटलच्या आयसीयूत परवडणाऱ्या दरात का मिळू नये? आरोग्य पुरवणीत एखाद्या नेफ्रॉलॉजिस्टकडून यावर सविस्तर लिहून घ्या, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, नाशिक